देव, मंगल, धंदा, शेवट

"काकू, आता बोलून द्या बरं, किती हिस्से करू?"

अक्षयनं हे तिसऱ्यांदा विचारलं. नवं कॉम्प्युटर टेबलावर एका बाजूचं झाकण काढून उघडं पडलं होतं आणि फरशीवर थर्माकोलचे तुकडे, वायरींची वेटोळी आणि दोन रिकामी खोकी पसरली होती. शेजारी जुनं कॉम्प्युटर चालूच होतं. त्याच्या पोटातून मधूनच कट्-कट् आवाज येई आणि पडदा क्षणभर गोठून जाई. त्या आवाजाला घाबरूनच तर हे नवं आणलं होतं.

"चार," ज्योत्स्ना म्हणाली. "याच्यात आहेत तसेच. नावंपण तीच. देव, मंगल, धंदा, शेवट."

"अहो काकू, आजकाल कोणी पार्टिशन नाही करत. विंडोजची छोटी डिस्क अलग हाये. ह्या दोन मोठ्या, चार-चार टीबीच्या. माझं ऐका, एक पुरी कामाला ठेवा, फोल्डर बनवा जितके पाहिजे तितके. दुसरीवर तिची नक्कल. एक उडाली तर दुसरी खडी. तुकडे केले ना, तर एक तुकडा भरून जाते अन् दुसरा खाली पडून राहते. हेच झालं ना याच्यात?"

हेच झालं होतं, हे ज्योत्स्नालाही माहीत होतं. जुन्या डिस्कचे तिच्या नवऱ्यानं, निरंजननं, चार सारखे भाग केले होते. तेव्हा लग्नपत्रिकेत एक गणपती आणि चार ओळी असायच्या. आता नवरानवरीचे लग्नाआधीचे बागेतले फोटो, त्यांचे बॅनर, हळदीचा वेगळा, संगीताचा वेगळा. 'मंगल'ची पट्टी गळ्यापर्यंत भरून लाल झाली आणि 'शेवट' अर्धं मोकळं. माणूस जाताना एक पासपोर्ट फोटो आणि दहाबारा ओळी एवढीच जागा मागतो.

"तरी चारच," ती म्हणाली.

"पण का?"

"सवय आहे."

असं म्हणताना तिनं अक्षयकडे पाहिलं नाही आणि भिंतीला टेकून खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याकडे तर मुळीच पाहिलं नाही.

बुऱ्हाणपूरच्या बुधवारा भागातल्या कडू डीटीपी सेंटरमध्ये पत्रिका केली नाही तर लग्न लागत नाही, असं काही नव्हतं. पण खकनारपासून चांदनीपर्यंत कितीतरी घरांच्या पत्रिका याच टेबलावर जुळल्या होत्या. मराठी, हिंदी, सांगाल तर गुजराती. 'आडनाव कडू पण बातमी गोड' हा विनोद प्रत्येक गिऱ्हाईक आपल्यालाच सुचल्याच्या थाटात करायचं आणि निरंजन कडू प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. धंद्याचा तोही एक भाग असतो.

निरंजनचे वडील वऱ्हाडातून नेपानगरच्या कागद कारखान्यात आले, तिथंच रिटायर झाले. मुलाला कारखान्यात नोकरी लागली नाही, म्हणून तो टायपिंग शिकला आणि बुऱ्हाणपुरात येऊन स्वतःचं दुकान मांडून बसला. कागद काही सुटला नाही, असं तो म्हणायचा. नाकासमोर चालणारा माणूस. एकच खोड. त्याच्या कॉम्प्युटरचं सोवळं फार कडक होतं.

पहिल्या भागात देव. गणपती, विठोबा, कलश, केळीचे खांब, वेलबुट्ट्या. सकाळी अगरबत्ती लावली की आधी देव उघडायचे, मग बाकीचं. दुसऱ्यात मंगल, म्हणजे लग्न, साखरपुडा, बारसं, वास्तू. तिसऱ्यात धंदा. बिलबुकं, केळीच्या गाड्यांच्या पावत्या, लूमवाल्यांची लेबलं. आणि सगळ्यांत शेवटी शेवट. दशक्रिया, गंधमुक्ती, पुण्यस्मरण. शोकपत्रिका करून झाली की लगेच लग्नाची फाइल तो उघडत नसे, मग गिऱ्हाईक दारात कितीही पाय आपटो. मध्ये एखादं बिलबुक करायचं. नसेल तर कुणाचं तरी जुनं उघडून उगाच एक रेघ इकडची तिकडे करायची. "स्मशानातून आल्यावर आंघोळ करतो ना आपण? तसं," असं तो म्हणायचा. ज्योत्स्नाला हसू यायचं. तेव्हा ती फक्त डबा घेऊन यायची, पाकिटं चिकटवायची, पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायची. कॉम्प्युटरला तिनं हात लावला नव्हता.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला निरंजनला लकवा मारला. उजवा हात लुळा झाला, पाय हळूहळू चालू लागला, पण बोलणं परत आलं नाही. म्हणजे त्याला सगळं कळायचं, गिऱ्हाइकाचं, डॉक्टरचं, टीव्हीवरचं. फक्त शब्द हवा तेव्हा हाताशी यायचा नाही. पाणी म्हणायचं असलं की "पा... पा..." करत थांबायचा, आणि मग स्वतःवरच चिडून ग्लासकडे बोट करायचा. ज्या माणसानं गावभरच्या लोकांना लग्नाची वाक्यं सुचवली, त्याला पाणी मागता येईना, हे बघणं ज्योत्स्नाला फार जड गेलं. इंदूरहून पल्लवी आली, त्यांची एकुलती मुलगी. "आई, दुकान बंद कर, इकडे या दोघं," म्हणाली. ज्योत्स्नाही जवळजवळ तयार झाली होती. पण दवाखान्यातून घरी आल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी निरंजन उठला आणि एका हातानं दुकानाचा शर्ट घालू लागला.

त्या दिवशी ती त्याला रिक्षात घालून घेऊन आली. तिनंच कुलूप उघडलं, अगरबत्ती लावली, कॉम्प्युटर सुरू केलं. निरंजन आपल्या खुर्चीत बसला. त्यानं माऊस डावीकडे ओढून घेतला आणि पडद्याकडे नीट न पाहताच देव उघडले. मग बंद केले. एक घर खाली सरकून मंगल उघडलं. कुठं थांबायचं हे त्या डाव्या हाताला कुणी शिकवलं होतं? जिभेला पाणी सापडत नव्हतं, पण हाताला मंगल सापडलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, जे हाताला आठवतंय ते करू द्या, तेवढं मोडू नका.

ते वाक्य ज्योत्स्नानं पदरात बांधून ठेवलं. पडद्यावरचं चित्रसुद्धा बदललं नाही. काम ती शिकली. आधी एका बोटानं, मग चार, अडलं की अक्षयला फोन. अक्षयचं शनवारा भागात कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान होतं, आणि आपण टायपिंग निरंजनकाकांकडे शिकलो हे तो विसरलेला नव्हता. सहा महिन्यांत ज्योत्स्ना पत्रिका जुळवू लागली. पण तिनं स्वतःचं काम त्या चार भागांत कधी ठेवलं नाही. मंगल भरलेलं होतं हे एक कारण. दुसरं असं की ती जागा त्यांची होती. तिथं आपण काही हलवलं आणि त्यांचा हात चुकला तर? म्हणून तिचं सगळं बाहेर, डेस्कटॉपवर. लग्नघरी आलेल्या पाहुण्यानं दाराशीच पिशवी ठेवून बसावं, तसं.

आणि तिथं तिनं लावलं ते तिला सुचलं तसं. घरागणिक. गावाचं नाव, त्यात घराचं नाव. बायका दुकानात यायच्या त्या 'मंगल' किंवा 'शेवट' मागत यायच्या नाहीत. "माझ्या थोरलीची केली ना, तशी." "आमच्या बाप्पाच्या दहाव्याला जी नावं टाकली तीच टाका." एका घराचं एका ठिकाणी असलं की सुनांची नावं पुन्हा विचारावी लागत नाहीत, कोण कुणाशी बोलत नाही तेही लक्षात राहतं. तिला ही रीत सरळ वाटायची. स्वयंपाकघरात सुद्धा सणाचे डबे वेगळे आणि रोजचे वेगळे असं तिनं कधी केलं नव्हतं.

आणि मग देडतलाईच्या धुरपदाबाई गेल्या.

त्यांच्या नातीची लग्नपत्रिका ज्योत्स्नानंच आधी केली होती. सगळ्या मुलांसुनांची नावं त्या फाइलीत टाइप केलेली तयार होती. पुन्हा कशाला टाइप करायची, म्हणून तिनं तीच फाइल उघडली. गणपती काढला, फोटो टाकला, 'आपले विनीत'चं 'शोकाकुल' केलं, तारीख बदलली, गंधमुक्तीचा मजकूर घातला. छापून पाकिटं देडतलाईला गेली. दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईंचा मुलगा कौतिक आला. पत्रिका टेबलावर ठेवली आणि खाली बोट दाखवलं. तळाशी, बारीक अक्षरात, मूळच्या गुलाबी रंगाची काळ्या छपाईत राखाडी झालेली ओळ होती: 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!'

"वहिनी, गावात लोक हसून राहिले," कौतिक एवढंच म्हणाला. "आई होती तर तीपण हसली असती. पण आम्ही काय करायचं?"

ज्योत्स्नानं हात जोडले, रातोरात नव्या छापून दिल्या. म्हातारी पिकलं पान होती म्हणून निभावलं. एखादा तरणाताठा गेला असता तर दुकानावर दगड आले असते. निरंजन त्या दिवशी तापानं घरी पडून होता. त्याला ते नंतर कळलं. तेव्हापासून छापायला जाण्याआधी प्रत्येक पत्रिका तो स्वतः पाहू लागला. डावं बोट ओळीवरून फिरवत, प्रत्येक ओळीवर, कागदाच्या अगदी कडेपर्यंत. चूक दिसली की बोट थांबायचं. काय चुकलं ते सांगता येत नसे, कुठं चुकलं ते मात्र बरोबर दाखवी. ज्योत्स्नानं मनाशी ठरवून टाकलं होतं की त्यांचं सोवळंच खरं. आपली घरागणिकची हुशारी आपल्यापाशी.

"बरं, चार तर चार," अक्षय आता म्हणत होता. त्यानं हात पुसले, कागदाच्या पिशवीवर पेननं एक लांब चौकोन काढला आणि त्याला उभ्या रेघा मारल्या. "पण मग सारखे नको. मंगल मोठं, शेवट छोटं. अन् तुमचं काम कुठं टाकाल?"

"डेस्कटॉपवर."

"नवीन मशीनवर भी डेस्कटॉप?" अक्षय हसला. "काकू, इतकी जागा घेतली, अन् तुम्ही ओट्यावरच झोपणार?"

ज्योत्स्ना हसली नाही. तिनं चहाचे कप उचलले, दाराकडे गेली आणि मानेनंच त्याला बाहेर बोलावलं. रस्त्यावर केळीच्या घडांनी भरलेली गाडी हळूहळू वळत होती आणि मागचे दोन स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. त्या गोंगाटात ती खालच्या आवाजात म्हणाली, "अरे, त्यांच्यासाठी सांगते मी. त्यांच्या हाताला ती जागा पाठ आहे. तेवढंच उरलंय बघ. ते बदललं तर ते माऊसला हात लावायचे नाहीत. घरी बसतील. घरी बसले की..."

"मग तुमचं?"

"माझं काय. मी कुठंही करीन."

"काकू, काम तुम्ही करून राहिल्या ना पण."

"तू चार कर," ती म्हणाली.

लकव्यानं निरंजनची जीभ नेली होती, कान नव्हते नेले. आणि हॉर्न कधी थांबले होते, हे त्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

दोघं आत आली तेव्हा तो खुर्चीत सरळ होऊन बसला होता. अक्षय पडद्यासमोर बसला, डिस्कचा तो लांब काळा पट्टा उघडला आणि पहिला तुकडा पाडायला लागला. निरंजननं टेबलावर डाव्या हाताची बोटं आपटली. टक्, टक्.

"काय काका? देव मोठा करू का?"

निरंजननं मान हलवली. "नाही," हा शब्द त्याला बहुतेक वेळा यायचा. मग तोंड उघडलं. "घ... घ..."

"घरी जायचं?" ज्योत्स्नानं विचारलं.

"घ..."

"घड्याळ? काका, टाइम नका पाहू, अर्ध्या घंट्यात करून देतो."

निरंजननं डोळे मिटले. त्याच्या कपाळावरची शीर फुगली. ज्योत्स्नानं पाण्याचा ग्लास पुढे केला तर तो त्यानं असा बाजूला सारला की निम्मं पाणी थर्माकोलवर सांडलं. मग तो टेबलाला धरून उठला. आजारी पाय ओढत दोन पावलं टाकून जुन्या कॉम्प्युटरसमोर आला, माऊस डावीकडे घेतला. आपल्या चार भागांकडे त्यानं पाहिलंही नाही. बाण डेस्कटॉपवर नेला, ज्योत्स्नाच्या फोल्डरवर. ते उघडलं. आत तिची गावं एकाखाली एक उभी होती. असीर, खकनार, चांदनी, देडतलाई.

"घरं," तो म्हणाला. "अशी."

अक्षयच्या लगेच लक्षात आलं. ज्योत्स्नाच्याही आलं, पण तिनं तसं दाखवलं नाही. "नको," ती म्हणाली. "ते माझं आपलं असंतसं आहे. तुमचं आहे तेच ठेवायचं."

"नाही."

"अहो, तुम्हाला सापडायचं कसं मग? हात चुकेल तुमचा." हे ती त्याच्यासमोर कधी बोलली नव्हती. आता बोलून बसली.

निरंजन तिच्याकडे वळला. मग एकेक शब्द जमिनीतून उपटल्यासारखा काढत म्हणाला, "चुकू... दे."

"आणि मंगल-शेवट एका ठिकाणी? तुम्हीच ना म्हणायचे, मध्ये आंघोळ पाहिजे म्हणून? धुरपदाबाईंचं विसरलात का?" तिचा आवाज चढला. त्या पत्रिकेचं नाव काढलं की आजही तिचे कान तापत. "माझ्या त्या रीतीनंच झालं ते. एका घरात सगळं ठेवलं म्हणून झालं."

निरंजननं मान हलवली. बोट आधी पडद्यावर, तिच्या देडतलाईवर टेकवलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर आणलं. "मी... नव्हतो," तो म्हणाला. आणि बोट हवेत ओळीवरून फिरवावं तसं डावीकडून उजवीकडे फिरवून दाखवलं.

रीत चुकली नव्हती, तपासणारा घरी होता. एवढंच त्याला म्हणायचं होतं. ते तिला कळलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने ती ज्या चुकीचं ओझं वाहत होती, त्यातलं अर्धं त्यानं न विचारता उचलून घेतलं होतं. तिनं डोळे पुसायचीही घाई केली नाही. अक्षयनं मात्र आपण काही पाहिलंच नाही हे दाखवण्यासाठी खाली वाकून पडलेला एक स्क्रू शोधायला घेतला. तो काही पडलेला नव्हता.

"ऐका मग," थोड्या वेळानं तो खालूनच म्हणाला, "एक छोटा हिस्सा देवाचा. तो पहिलाच राहू द्या, काकांचा नेम हाये. बाकीची डिस्क पुरी एक. नाव घरं. धंद्याचं त्यातच बाजूला एक फोल्डर. अन् प्रत्येक घरात दोन फोल्डर, मंगल अलग, शेवट अलग. म्हणजे खोल्या दोन पण चूल एक. दुसरी डिस्क नकलेची. चालेल?"

निरंजननं मान डोलावली. ज्योत्स्ना अजून अडूनच होती. "आणि यांचं जुनं? इतक्या वर्षांचं? ते कोण लावणार घरागणिक?"

निरंजननं डावा हात वर केला, शाळेत पोरं करतात तसा.

नाव टाकायची वेळ आली तेव्हा अक्षय खुर्चीतून उठला आणि ज्योत्स्नाला म्हणाला, "तुम्हीच टाका." ती बसली. निरंजनच्या खुर्चीत ती रोजच बसायची, पण गिऱ्हाईक आलं की अर्धी उठायची, जणू मालक येतोय. आज ती नीट टेकून बसली. तिनं 'घरं' टाइप केलं. अनुस्वार राहिला. तिच्या खांद्यावरून एक डावं बोट आलं आणि त्या जागेवर थांबलं.

"हो, दिसलं," ती म्हणाली.

जुन्याचं नव्यात यायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. कट्-कट् करत का होईना, म्हाताऱ्या डिस्कनं सगळं ओकलं. निरंजननं त्याच आठवड्यात काम सुरू केलं. सकाळी ज्योत्स्ना झाडू मारेपर्यंत तो एकेक जुनी पत्रिका उघडून बसायचा, नावं वाचायचा, आणि जिथली असेल त्या घरात टाकायचा. कधी दोन व्हायच्या, कधी एकही नाही. गावांची नावं त्याच्या तोंडात अडकायची. एकदा त्यानं नेपानगरच्या मामांच्या घरची मुंज चांदनीत नेऊन टाकली आणि कळल्यावर दोघं पोट धरून हसले. पण बऱ्याचदा त्याचा हात खाली सरकायचा, जिथं पूर्वी मंगल असायचं तिथं, आणि तिथं काही नसायचं. मग तो हात मांडीवर घेऊन बसायचा. ज्योत्स्ना ते पाहायची आणि तिला वाटायचं, आपण हे होऊ द्यायला नको होतं. चार म्हटलं होतं, चारवरच अडून बसायला हवं होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि दुकानात गर्दी सुरू झाली. एका दुपारी देडतलाईच्या गोदाबाई आल्या, हातात कापडी पिशवी, घाईत.

"माह्या मोठ्या पोरीची केल्ती ना कडूभाऊनं, तश्शीच पाहिजे धाकटीची. तोच गणपती, तेच सारं. कहाडा बरं लवकर, माही गाडी हाये."

ज्योत्स्ना पाकिटं मोजत होती. निरंजन कॉम्प्युटरसमोर होता. त्याचा हात सवयीनं माऊसवर गेला, सवयीनं खाली सरकला आणि थांबला. त्यानं पुन्हा वर नेला, पुन्हा खाली आणला. ज्योत्स्नाला दिसत होतं. ती पत्रिका तिनंच मागच्या आठवड्यात जागेवर लावली होती. वाकून एक बोट लावलं असतं तर झालं असतं. तिनं पाकिटं खाली ठेवली, आणि मग पुन्हा उचलून घेतली.

निरंजननं मान वळवली. "कुठं?" त्यानं विचारलं. शब्द अडला नाही.

या दुकानात आजवर सगळ्यांनी त्याला विचारलं होतं. प्रेसवाल्यांनी, गिऱ्हाइकांनी, टायपिंग शिकायला आलेल्यांनी आणि तिनंही. त्यानं कुणाला विचारायची वेळ कधी आली नव्हती. आज त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याचा चेहरा पडलेला नव्हता.

"घरं उघडा," ती म्हणाली. "त्यात देडतलाई. मग गोदाबाई."

त्यानं उघडलं. पडद्यावर बोट टेकवून तो वरून वाचू लागला. "अ... सीर. ख... खक..."

"लय टाइम लागंल काय वो?" गोदाबाई दाराकडे बघत म्हणाल्या. "तुम्हीच कहाडून द्या ना बाई पटकन."

ज्योत्स्नानं पायानं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा मावशी," ती म्हणाली. "हे काढून राहिलेत."

गोदाबाईंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग त्या बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. निरंजनचं बोट चांदनीपर्यंत आलं होतं.